फेरफार

फेब्रुवारीत अर्ज टाकला तेव्हा मी अविवाहित होते.
खरंच होते.
ब्रॉकटनच्या वाचनालयात, हीटरजवळच्या टेबलावर,
'आजवर किती लग्नं' या प्रश्नापुढे
मी शून्य काढलं, गोल, स्वच्छ,
शाळेत काढायचे तसं.

मे महिन्यात सतरा दिवसांची रजा मिळाली.
फोगोच्या धावपट्टीवर विमान टेकलं
तर आदेलिनो उभा, शर्टाला इस्त्री नाही,
काखेत घरच्या वाइनची बाटली,
आणि बाटलीला बूच म्हणून मक्याचं कणीस.

शनिवारी लग्न झालं.
काळ्या दगडांच्या अंगणात बोकड शिजला,
मावशीने नाचून नाचून चप्पल तोडली.
कचेरीतला कारकून मात्र रजेवर होता,
म्हणून कागदावर आम्ही मंगळवारी नवराबायको झालो.
मधले तीन दिवस कोणाच्या खात्यात टाकायचे
हे अजून कोणी विचारलेलं नाही.

परतल्यावर सगळ्यांनी सल्ले दिले.
सल्ल्याला काय, जीभ तेवढी लागते.
झुल्मिरा म्हणाली, गप्प बस, आधी पासपोर्ट हातात येऊ दे.
तिचा नवरा म्हणाला, बोललीस तर फाइल वर्षभर मागे.
चुलतभाऊ म्हणाला, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.
(तो गाड्या धुतो. तुला कसं माहीत, हे मी विचारलं नाही.)

वृद्धाश्रमात रात्रपाळीला मी कुशी बदलायचे, दुसऱ्यांच्या,
दर दोन तासांनी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
घरी येऊन आडवी झाले
की ते शून्य माझ्या पाठीला टोचायचं.

सप्टेंबर. बॉस्टन. खिडकी न उघडणारी खोली.
उजवा हात वर करून खरं बोलेन म्हणाले.
अधिकारी तरुण, सर्दीने बेजार.
देशाबद्दल सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर.
मग अर्ज पुढे ओढून:
'यात काही बदल?'

'हो. मी लग्न केलं.'

'अभिनंदन,' तो म्हणाला, आणि टिश्यू शोधू लागला.

एवढंच. आभाळ कोसळलं नाही.
त्याने लाल पेन काढलं.
अविवाहित खोडलं. शून्यावर आडवी रेघ, शेजारी एक.
प्रवासाच्या यादीत सतरा दिवस.
'नवऱ्याचा पत्ता?'
आमच्या घराला नंबर नाही.
चर्चवरून वर जा, म्हणाले, लाव्हाने रस्ता गिळलाय तिथपर्यंत,
पुढे कोणालाही विचारा.
त्याने तसंच लिहिलं, फक्त 'कोणालाही विचारा' गाळलं.
'लग्नाची तारीख?'
घशात शनिवार आला होता. मंगळवार म्हणाले,
भाषांतर केलेला दाखला पुढे सरकवला
आणि उगाच, त्याने विचारलं नसताना,
शनिवारचंही सांगून टाकलं. बोकडासकट.
तो शिंकला, हसला. 'कागदावरचीच धरू.'
लाल खुणांना क्रमांक पडले, एक ते पाच.
खाली माझी सही, जुन्याच नावाने.
बाहेर पार्किंगमध्ये मी दोन डोनट खाल्ले, उभ्याउभ्या.

आज शपथविधी.
सभागृहाच्या पायरीवर बसून पत्राची मागची बाजू भरतेय,
सकाळचे आठ, रांगेत लहान मुलं, झेंडे विकणारी बाई.
पुन्हा तेच, नव्याने:
मुलाखतीनंतर लग्न केलं का,
घटस्फोट झाला का,
की जोडीदार वारला?

पाच आठवड्यांत माणसाचं काय काय होऊ शकतं
हे सरकारला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक.

पेन टेकवलं, उचललं.
तिकडे अकरा वाजले असतील,
तो वेलींच्या खड्ड्यांत, डोंगराच्या पोटात, रेंज नाही अशा जागी.
काल बोललो होतो. पण काल म्हणजे काल.

फोन वाजत राहिला.
वाजत राहिला.
मग धाप, वारा, कोणाची तरी शेळी.
'काय झालं?' तो ओरडला.
'काही नाही,' म्हणाले,
'तेच लिहायचंय.'