तारण

ला पाझच्या विद्यापीठात पुस्तक असंच मिळतं:
खिडकीत ओळखपत्र ठेवायचं,
दोन तासांच्या बोलीवर.
सेन्योर एलेउतेरिओ ते खोक्यात टाकतात
आणि पुढे सरकवतात
माती किती भार पेलते याचं जाडजूड,
अख्ख्या शाखेत एकच.

झेरॉक्सला म्हणून बाहेर पडले,
मागे संपवाल्यांनी फाटकाला साखळी घातली.

अकरा दिवस.
मावशीने पाठवलेले पैसे बँकेत अडकले.
मी मीच आहे हे दाखवायला होतं काय?
ग्रंथालयाचा शिक्का, पान सतरावर.

एल आल्तोच्या खोलीत रात्री
बाबा आकृत्या बघत बसायचे,
सिमेंटने खाल्लेल्या बोटांनी पानं उलटत.
अक्षराशी त्यांचं कधी जमलं नाही.
एका उतारावर बोट टेकवून म्हणाले,
"हा घसरणार."
पुढच्या पानावर तेच निघालं, समीकरणासकट.
तिथे समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: खोटं.
त्याखाली मी लिहिलं:
घसरतो. बासिलिया आपासा, गवंड्याची मुलगी.

फाटक उघडलं.
एलेउतेरिओंनी दंड बोटांवर मोजायला घेतला,
सातव्या दिवशी हात झटकला.
खोक्यातला माझा फोटो
माझ्याशी ताडून पाहिला,
जरा जास्तच वेळ.