नांगराचा कंद

तुम्ही हिला कळलावी म्हणता, ऐकलंय मी.
कळा लावते म्हणून.
भांडणं लावत फिरणाऱ्या बाईलाही तुमच्याकडे हाच शब्द.
आमच्या मूलनूरला ती कलप्पैकिळंगु, नांगराचा कंद,
कारण मातीखाली ती नांगरासारखीच वाकलेली.
कुणी कण्वलि म्हणतं, डोळेदुखी:
फुलाकडे टक लावून बघू नये, डोळे येतात.

माझी आई, पावायी, एकोणीस हंगाम टक लावून बघते आहे.
सकाळी आठ ते अकरा, मग ऊन चढतं, पराग वाळतात.
या फुलाची तऱ्हाच अशी, की केसर एकीकडे
आणि कुक्षी काटकोनात मान वळवून
रुसल्यासारखी दुसरीकडे.
आई केसर खुडते, कुक्षीला टेकवते, पुढच्या वेलाकडे.
समेट घडवायची मजुरी, रोज साडेतीनशे.

शेंग तडकते, आत केशरी बी.
बी गोणीत, गोणी ट्रकमध्ये, ट्रक बंदरावर,
आणि कुठून कुठून फिरून
धारापुरमच्या सरकारी दवाखान्यात, पत्र्याच्या कपाटात,
दुसऱ्या खणात,
अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी.
अंगठा सुजून रात्रभर विव्हळणाऱ्या गूळवाल्या नाच्चिमुत्तूला
मी ती मोजून देते.
मूत्रपिंडाचा रिपोर्ट आणलात का?
दुखणं जास्त म्हणून गोळी जास्त नाही, कळलं?
तो म्हणतो, सिस्टर, एवढीशी तर आहे.

एवढीशीच.

ऐप्पसी महिन्यात एका रात्री अंगमुत्तू वैद्यर आले,
मोपेडवर, मागे एक बाई,
दोघांच्या मध्ये चेपलेला पोरगा, नऊ वर्षांचा.
रताळं समजून खाल्लं होतं त्यानं.
चुलीत भाजून, मीठ लावून.
वैद्यरांनी उरलेला तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून आणला होता,
डॉक्टरांना ओळख पटावी म्हणून.

हेच वैद्यर हा कंद खारट ताकात दिवसच्या दिवस भिजवतात,
ताक रोज बदलतात,
ओतलेलं ताक कोंबडीसुद्धा पिणार नाही अशा जागी पुरतात.
पूर्वी अडलेल्या बाईच्या तळपायाला त्यांचे वडील लेप लावत
आणि बाळ रडलं रे रडलं की आधी लेप धूत,
नाळ मागाहून.
लेप पायाला. तोंडाला कधीच नाही.

मी विचारलं, पोटात गेलं तर उतारा?
ते बाकावर बसले होते, चपला हातात.
म्हणाले, "पोथीत तीन आहेत.
एकही लागू पडलेला मी पाहिला नाही.
म्हणून तर पेट्रोल जाळत आलो, पोरी."

आमच्याकडेही उतारा नव्हता.
सलाईन होतं, नळी होती, कोइंबतूरला जाणारी गाडी होती.
आणि वेळ, जो वैद्यरांनी वाचवला होता.

पोरगा जगला.
बाराव्या दिवशी उशीवर केस दिसले,
चौदाव्या दिवशी डोक्यावर एकही नाही.
त्याच्या आईनं ते वेचून रुमालात बांधले.
पळनीला जावळासारखे वाहीन म्हणाली,
मुरुगन विचारणार नाही कसे निघाले ते.

हंगामात माझी आई चमच्यानं जेवते, परक्या घरी आल्यासारखी.
हात तीनदा धुतलेले असतात, तरी.
नखांच्या कडेला पिवळी रेघ राहतेच.
मी भात वाढते, रेघेकडे बघते,
काही बोलत नाही. तीही नाही.

पंगुनीत तो तपासणीला आला.
टाळूवर नवी लव, वाटाण्याच्या रोपासारखी, कोवळी.
मी नाच्चिमुत्तूच्या गोळ्या मोजत होते.
हे काय, त्यानं विचारलं.
मी सांगितलं, खोटं का बोलू:
तू खाल्लंस ना, त्याच वेलाचं बी. याचं औषध होतं.

तो बराच वेळ गोळीकडे बघत राहिला,
आणि त्यानं दोन्ही हात
हळूच पाठीमागे नेले.