बुचांची उधारी

फिर्मीनुच्या कारखान्यात सकाळी आठला यंत्र सुरू होतं
आणि माझ्या की-बोर्डवर भुशाचा पहिला थर बसतो.
फुंकर मारून मी पत्र लिहायला घेते:
‘आदरणीय बर्नाबाश, आपल्या नजरेतून कदाचित निसटलं असेल…’

निसटलेलं नाही.
नव्वद हजार बुचं, अठरा हजार तीनशे युरो,
एवढं काही कुणाच्या नजरेतून निसटत नाही.
पण पहिल्या पत्रात असंच लिहायचं असतं.
दुसऱ्यात ‘कदाचित’ गळतं.
तिसऱ्यात ‘आदरणीय’.
चौथ्यात उरतात नुसत्या तारखा,
एकीखाली एक, जेवण आटोपल्यावरच्या ताटांसारख्या.

हंगेरीचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे.
मी नऊला फोन करते तेव्हा साहेब मळ्यात,
अकराला करते तेव्हा साहेब जेवायला बसलेत,
चारला करते तेव्हा नुकतेच निघालेत.
एका तासाच्या फटीत माणूस किती सुरेख लपतो.

फोन उचलते इल्दिको.
तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, भाड्याने आणलेल्या कोटासारखं,
काखेत आवळतं, खांद्यावर लोंबतं.
‘पुढच्या आठवड्यात’ एवढं मात्र तिला अगदी मापात बसतं.

वसुलीवाल्यांना सांगू या का, मी फिर्मीनुला विचारलं.
ते पैसे आणतील, तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक घेऊन जातील.
मग मला झाडाची गोष्ट सांगायला लागला, नेहमीची:
दक्षिणेत एकदा साल सोलली की खोडावर पांढऱ्या रंगाने
वर्षाचा शेवटचा आकडा काढतात.
सात लिहिलंय ना, मग पुढचा सहा येईपर्यंत हात लावायचा नाही.
नऊ वर्षं, देओलिंदा. झाड बोंबलत नाही.

झाडाला दर पंचवीस तारखेला
अकरा जणींचे पगार करायचे नसतात,
हे मी त्याच्या पाठीला म्हणाले.

मार्चमधल्या एका गुरुवारी इल्दिको ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाली नाही.
काहीच म्हणाली नाही बराच वेळ.
मग हळूच: जानेवारीपासून मलाही मिळालेलं नाही.
परदेशातला फोन, मिनिटं चढत होती,
आणि दोघींनी ती गप्प बसून खर्च केली.
शेवटी मी विचारलं, तू कुणाला फोन करतेस?
म्युनिकच्या एका दुकानाला, ती म्हणाली. आमची सहा बिलं आहेत त्यांच्याकडे.
तिकडे कोण उचलतं?
एक बाई आहे. फार छान बोलते.

मे महिन्यात दारात ट्रक.
पैसे नाहीत, सातशे बाटल्या, लाल,
वर चिठ्ठी: चार हजार दोनशे वजा करावेत, कळावे, लोभ असावा
(असंच काहीसं, त्यांच्या भाषेत).
फिर्मीनुने एक उघडली. फटाक्.
बुचावर आमचाच शिक्का, आमचीच साल,
तीच नव्वद हजारांतली एक, बिनपैशाची,
दारू पिऊन घरी आलेली.

आपलंच बूच आपल्यालाच मारलं रे, मी म्हणाले.
तो हसला. मग ते नाकाशी धरून
इतका वेळ हुंगत राहिला की मला उगाच शरम वाटली.
माल चांगला होता, म्हणाला.

पंचवीस तारखेला अकरा जणींनी
अर्धा पगार आणि चार-चार बाटल्या नेल्या.
रोझालीना पीत नाही. तिने त्या बेकरीवाल्याला देऊन
जुनी उधारी फेडली.

मी पाचवं पत्र लिहायला घेतलं.
‘प्रिय इल्दिको, बाकी चौदा हजार शंभर.
तुझं काय झालं?’
दुसरं वाक्य पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.
तोवर की-बोर्डवर भुसा.
फुंकर मारली,
आणि ते राहू दिलं, रकमेच्या खाली,
जिथे एरवी मुदत लिहितात.