खोटे हात

रास्ता पेठेतल्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
मला पगार मिळायचा खोटे हात असण्याचा.

वसुधाताई काळभोर खऱ्या. बावीस वर्षांची साधना.
त्यांचे तळवे गुडघ्यापासून चार बोटं वर थांबत,
मग पोटरीवरून खाली उतरत,
हौदात पडलेली अंगठी
पाणी न ढवळता काढावी तसे.
मी हुबेहूब तेच करायचं, तितकंच सावकाश, तितकीच मिनिटं,
फक्त मनात काही आणायचं नाही. दया नाही, प्रार्थना नाही.
तांबोळी सर म्हणाले, हजारातून सात-सात वजा करत राहा.
मन रिकामं ठेवता येत नाही, गुंतवता येतं.

तर हजार. नऊशे त्र्याण्णव. नऊशे शहाऐंशी.
खाली पॉवर हाउस चौकात हॉर्न,
आणि वर आम्ही ऊर्जा शोधत होतो.

ऊर्जा म्हणालात तर एकक सांगा, असं सर म्हणत.
वसुधाताई डबा उघडत म्हणत,
माझ्या आईच्या हाताला होतं का एकक? घ्या, थालीपीठ घ्या.
सर घेत. खाता खाता सांगत
की हृदयालाही चुंबकीय क्षेत्र असतं, खोटं नाही,
पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या दशलक्षांश,
रस्त्यावरून बस गेली तरी त्यात बुडून जाईल.
की कुणी अर्धा तास फक्त आपल्याकडे बघतंय
एवढ्यानं श्वास लांबतो, नाडी उतरते,
मेंदू आपल्याच फडताळातली अफू काढून देतो.
की माणूस आमच्याकडे येतो दुखणं शिगेला गेल्यावर,
आणि शिगेनंतर, ताई, उतारच असतो.

मला तिसरं कारण सगळ्यात पटलं
आणि सगळ्यात आवडलं नाही.

रघुनाथ तापकीर माझ्या वाट्याला आले.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
जिना खेकड्यासारखा आडवा चढायचे.
सहाव्या दिवशी, चारशे बाराला,
त्यांच्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे चाललं होतं.
पुढचा आकडा चारशे पाच. मला माहीत होता.
मी म्हटला नाही.
उरलेली नऊ मिनिटं मी काय केलं, मला नीट सांगता येत नाही.
रकान्यात लिहिलं : नियमाप्रमाणे.

शेवटी दोन्ही गटांत दुखणं उतरलं.
सातावरून साडेचारावर त्यांचे,
सातावरून साडेचारावर माझे.
सरांनी तक्ता भिंतीवर टाकला.
वसुधाताई खूप वेळ बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या,
तुझे हात चांगले आहेत गं.
त्यात टोमणा होता की नाही, अजून ठरत नाही.

नियम होता, रुग्णांना शेवटी खरं सांगायचं.
तापकीरांना मीच सांगितलं. खोटा गट. वजाबाकी.
ते म्हणाले, तुमचे ओठ हलायचे, मला वाटलं जप आहे.
मग हसले. उलटा पाढा! तरीच जरा गुदगुल्या व्हायच्या.

जिन्यापाशी थांबून म्हणाले,
आमच्याकडं बारूद तोलायचा काटा होता, काचेच्या पेटीत.
पेटी कशाला, तर माणसाच्या श्वासानं हलायचा.
साहेब सांगायचा, हा हलला तो धरू नका, ती चूक आहे.
आम्ही दम धरून बसायचो, थांबेपर्यंत.
चूक होती, बरोबर आहे साहेबाचं.
पण हलायचा, बाई.

आणि उतरले. आडवेच,
एका हातानं कठडा धरून.
मी वरून पायऱ्या मोजत होते,
या वेळी सरळ, एकापासून.