आठवा भाग

त्या मालिकेतला आठवा भाग कशालाच जोडलेला नव्हता.
विमान का पडलं, बेटावर रात्री घंटा कोण वाजवतं,
डॉक्टरीणबाईंच्या वहीतली पानं कुणी फाडली,
त्यातलं काही म्हणजे काही पुढे सरकलं नाही.
नुसता एक माणूस, शेकोटीपाशी,
सगळ्यांना करवंटीने पेज वाढणारा
आणि मधूनमधून वाळूत आपला एक बूट शोधणारा.
वाचलेले बारा होते. हा तेरावा.
कोणी दचकलं नाही.
शेवटी बूट सापडला, त्याने घातला, नाडी बांधली,
झाडांत शिरला. संगीतसुद्धा नाही.
नवव्या भागात पुन्हा बारा.

हे मी सांगत होतो कारेलीबागेत, आमच्या अगाशीवर,
टाकीला पाठ लावून,
विश्वामित्री पहिल्या मजल्याच्या जिन्यात येऊन बसली होती तेव्हा.
आजव्याचे दरवाजे उघडले, असं कोणी म्हणालं,
कोणी म्हणालं, अजून उघडायचेत.
खाली अंधारात काहीतरी भिंतीला आपटून गेलं.
घारगेबाई म्हणाल्या, मगर.
रसेन्दुभाई म्हणाले, सोफा.
त्यांचाच होता, त्यांना आवाज ओळखीचा.

खाखऱ्याचं एक पाकीट, अर्धा किलो लीलो चेवडो,
आणि दर तासाला शोभनाबेनच्या नातवाचं कपाळ चाचपणं.
वेळ जाईना, म्हणून मालिका काढली.
घारगेबाईंनी ती अख्खी पाहिलेली, दोनदा, तरी वाद:
"तो तेरावा म्हणजे वैमानिकाचं भूत."
"भुताला बूट कशाला लागेल?" इनामदार, निवृत्त, वीज मंडळ.
"लेखक विसरला असेल," रसेन्दुभाई,
"आमच्या चोपडीतही होतं असं, एक रक्कम जास्तीची निघते,
कुणाची, कळत नाही."

कठड्याजवळ तो कुरिअरचा मुलगा होता.
संध्याकाळी मांडीभर पाण्यातून आला, डोक्यावर खोकं.
बी तीनशे चार, म्हणाला.
आमच्याकडे मजल्यावर तीनच घरं.
परत जायला रस्ता उरला नव्हता, तेव्हा आमच्याबरोबर वर.
ताडपत्रीचं सुटलेलं टोक त्यानेच धरून ठेवलं.
त्याच्या बॅटरीवर आमचे फोन एकेक करून जिवंत झाले,
पाच-पाच टक्के, रेशनसारखे.
मुलं टोरांटोहून रडली, ठाण्याहून रडली.
स्वतःचा त्याने शेवटी लावला. तोवर बॅटरी संपली होती.

गोष्ट तो ऐकत होता. मराठी कळत असेल, नसेल.
एकदाच विचारलं: "फिर उसको ढूँढा किसी ने?"
"नाही ना!" मी म्हणालो, जणू ते मीच लिहिलं होतं,
"तीच तर गंमत आहे."
तो हसला.
ताडपत्रीचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

उजाडता नारंगी बोट आली.
सेक्रेटरींनी यादी वाचली, अकरा नावं.
अकरा जॅकेटं, दुधाच्या अकरा पिशव्या.
मी पट्ट्यात अडकलो होतो, बक्कल लागेना.
कोण कुठल्या फेरीत गेलं
ते ज्याने त्याने आपल्यापुरतं पाहिलं.

खोकं अगाशीवर राहिलं. पत्त्याची शाई वाहून गेलेली,
'बी' तेवढा शिल्लक, आणि चार.
पंधरा दिवसांनी मी ते खाली आणलं.
उघडलं नाही. टाकलंही नाही.
घारगेबाई जिन्यात भेटतात. आम्ही बोलतो
भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेबद्दल, रंगाऱ्याबद्दल,
विमेवाला अजून आला नाही त्याबद्दल.
एकदा मी विचारलं, तो मुलगा हो...
"कोणता?" त्या म्हणाल्या.
मग दोन पायऱ्या चढून, "हो हो, तो. काय बरं नाव त्याचं?"

रात्री फोन चार्जिंगला लावतो
तेव्हा वायर त्याची असते.
पांढरी. टोकाशी जिथे तुटायला आली होती
तिथे निळी चिकटपट्टी, नीट,
तीन वेढे देऊन.