तिसरा खंड

पाच खंड होते. घरात उरलेत चार.
तिसरा माझ्या भावानं, रोदिओननं,
चौथीत असताना देऊन टाकला खालच्या मजल्यावरच्या पोराला,
बदल्यात स्केट्सची एक जोडी.
तीही त्याच्या मापाची नव्हती.

कोत्लासला आता तीन वाजताच अंधारतं.
द्विना गोठली की पलीकडचा काठ
कुणी खोडरबरानं पुसल्यासारखा.
रेडिएटरवर मोजे वाळताहेत, ओल्या लोकरीचा वास खोलीभर,
आणि मी वाचतेय:
येफीम आणि लूशा, भाऊबहीण,
चोरून चढलेत 'गागारा' नावाच्या टगबोटीवर.
कप्तानाला एका कानानं ऐकू येत नाही
आणि कुत्र्याचं नाव कोपेक,
कारण तेवढ्यालाच मिळालं होतं ते.

साव्वा सहाचा. त्याला कुत्र्याखेरीज कुणाशी देणंघेणं नाही.
"कोपेक कुठंय आत्ता?" दर पानाला.
मग मला कुत्रा हजर करावा लागतो,
त्या पानावर नसला तरी.
ताइसिया नऊची. ती गोष्ट ऐकत नाही, उलटतपासणी घेते.
"पोरं बोटीवर चढली, कुणीच हटकलं नाही?"
"आईला फोन का नाही केला?"
तेव्हा फोन नव्हते गं.
"मग चिठ्ठी?"

चिठ्ठी. खरंच की.
तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तिच्याएवढी होते तेव्हा डेकवर होते,
येफीमच्या पाठीला पाठ लावून,
खाली बर्फ तडकत होता आणि मला अजून तडकायला हवा होता.
आईबिई मागं धक्क्यावर, ठिपक्याएवढी.
काल रात्री पहिल्यांदा दिसली ती मला.
दुसऱ्या खंडात, पान एकशे बारा, एकच ओळ:
आईनं खिडकीत कंदील ठेवला.
बस. लेखक लगेच पोरांच्या मागं धावला,
मीही धावले होते.
ती तिथंच उभी. हातात काडेपेटी.

दुसरा खंड संपतो तेव्हा बोट बर्फात रुतलेली,
लूशा तापानं फणफणलेली.
चौथा उघडतो तो थेट श्वेत समुद्रावर, भर उन्हात.
लूशाचे केस कापलेले, कप्तानाचा दुसराही कान गेलेला
आणि कुणी कशाचाच पत्ता लागू देत नाही.

शेवटी रोदिओनला फोन लावला.
तो नोरील्स्कला ट्रक चालवतो, वाढदिवसाला बोलतो,
कधी तेवढंही नाही.
फोन स्पीकरवर, पोरं दोन्हीकडून चिकटलेली.
"तिसऱ्यात?" मागं इंजिन घरघरत होतं.
"अस्वल होतं. नाही, थांब, लांडगे."
मी म्हटलं, कसले लांडगे? झोपडी होती,
मीठ विकणारी म्हातारी होती.
"म्हातारी? थापा मारू नकोस."
भांडलो आम्ही. चांगली दहा मिनिटं,
पूर्वी भांडायचो तसंच, एकमेकांचं वाक्य तोडत.
मग तो गप्प झाला. म्हणाला,
"त्या स्केट्स फार चावायच्या गं,"
आणि रेंज गेली.

साव्वाला लांडगे पसंत. म्हातारी नापास.
कोपेक एकटा सात लांडग्यांना कसा भिडला
ते मी पदरचं घालून सांगितलं.
चौथ्या लांडग्यालाच झोपला तो, तोंड उघडं टाकून.

ताइसिया जागी. छताकडं बघत.
"आणि तिकडं घरी?
कंदिलातलं रॉकेल किती दिवस पुरलं?"

पुस्तक मिटून माझ्या मांडीवर होतं.
खाली बर्फ खरवडणारा ट्रॅक्टर गेला, काचा थरथरल्या.
"दोन दिवस," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी
ती शेजारी मागायला गेली.
शेजारीण म्हणाली, बाई, दिवसाउजेडी कंदील कशाला जाळतेस?
तर ती म्हणाली..."

"काय म्हणाली?"

सरक जरा पलीकडं.
पांघरुणात पाय घेऊ दे, गार पडलेत.
सांगते.