डावा शाफ्ट

तो आवाज मला ऐकू आलाच नव्हता.
चैताली म्हणाली, पप्पा, गाडी कटकटतेय,
त्रिमूर्ती चौकात, उजवीकडे पूर्ण स्टीअरिंग मारलं की.
जिभेने काढूनही दाखवला तिने.
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो
आणि म्हणालो, मग डावा गेला.
उजवीकडे वळलं की डावा बोलतो.

हे मला ऐकून माहीत.
अंबडच्या एका शेडमध्ये सव्वीस वर्षं
मी शाफ्टच टर्न केले.
फर्स्टला एकशे चाळीस, नाइटला थोडे कमी.
दाते पाडायचं मशीन पुढे, शेवाळेकडे.
त्याच्या पुढे तेल, कागद, पेटी, ट्रक.
ट्रकच्या पुढचं आमच्यापैकी
कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये
द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे अंथरले.
मागच्या चाकाला वीट, खाली स्टँड.
मधला नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सोडवायचा,
चैताली ब्रेकवर उभी, मी पान्याला
नळाचा चार फुटी पाइप लावून लोंबकळतोय.
सुटेना.
नाठे वरून वाकून म्हणाले, भामरे,
ब्लॉकवर तेल सांडलं तर सोसायटी दंड लावेल बरं का.
सांडणार नाही म्हणालो, आणि त्याच रागात
नट सुटला.

हिने गिअर ऑइलसाठी भांडं दिलं,
कान तुटलेल्या कुकरचं,
परत आणू नका म्हणाली.
काळं तेल त्यात धारेने उतरत राहिलं.
बॉल जॉइंटला तीन घाव. चौथा अंगठ्याला.
मग हब बाहेर ओढला, आतून टॉमीने उचकलं,
आणि तो आला हातात,
फाटलेल्या रबरी बुटातून
ग्रीस आणि रस्त्याची वाळू ओकत.

मी त्याला फडक्याने पुसला.
सवयीने व्हर्निअर लावला.
कशासाठी, चैतालीने विचारलं.
सांगता आलं नाही.
दंडावर आमच्या पंचाचा शिक्का शोधला,
नव्हता.
आमची बॅच कुठल्या गाडीत
कुठल्या घाटात फिरत असेल, किंवा भंगारात.
नव्यावरही नव्हता. नवा तर
कुठल्या गावाहून आला तेही खोक्यावर नीट छापलेलं नाही.
पण फिनिश चांगला होता.
कुणीतरी घाई केली नव्हती.

दाते मोजले, जुन्याचे, नव्याचे.
चैतालीने परत मोजले.
सीलच्या ओठाला इजा न करता
आत सरकवायचा म्हणजे
सुईत दोरा ओवण्याइतकंच,
फक्त सुई पोटावर ठेवून, आडवं पडून.
ढकलला. अर्ध्यात अडला.
थोडा फिरवला, पुन्हा ढकलला.
बसला, चैताली म्हणाली. खट् झालं.
मला हाताला कळलं,
मनगटापासून कोपरापर्यंत आलेला
एक छोटा धक्का.
आमच्या मशीनवर जॉब चकमध्ये बसायचा
तेव्हा हाच यायचा.

बाकीचं उलट्या क्रमाने.
नट आवळून कड पंचाने खाचेत दाबली,
नवं तेल ओतलं, हात रॉकेलने धुतले.
जुना शाफ्ट नाठ्यांच्या नजरेआड
जिन्याखाली ठेवला. टाकणार नाही, म्हणालो,
का ते कुणी विचारलं नाही.

पाथर्डी फाट्याच्या पुढे एक रिकामा प्लॉट आहे.
गाडी तिच्याकडे दिली.
काच खाली, रेडिओ बंद,
उजवीकडे पूर्ण स्टीअरिंग, पहिला गिअर.
आम्ही गोल गोल फिरतोय,
धूळ आमच्याच मागे लागलेली,
माझा तळवा डॅशबोर्डवर पालथा.
काही लागत नाही हाताला.
तरी माझा माझ्यावर भरवसा नाही.

थांबला का?
तिने लगेच उत्तर दिलं नाही.
अजून दोन फेऱ्या घेतल्या,
मान खिडकीबाहेर, कान चाकाकडे,
बॅच पास करण्याआधी
आमच्या तपासणीची बाई थांबायची तशी.
मग माझ्याकडे तोंड वळवून,
ओठ नीट हलवत म्हणाली,
थांबला.